एचआयव्हीची गोळी सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे

एचआयव्हीचं औषध सुरू झालं आणि दोन-चार दिवसांत मळमळायला लागलं, झोप उडाली किंवा डोकं जड वाटू लागलं, तर घाबरून गोळी बंद करू नका. आणि कुणालाही न सांगता मुकाट्यानं सोसतही बसू नका. कोणता त्रास आपोआप जाणारा आहे, कोणता साध्या उपायानं कमी होतो आणि कोणता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यायचा, एवढं आधीच माहीत असलं तर हे आठवडे पुष्कळ सोपे जातात. खरं तर ही माहिती पहिली गोळी हातात देतानाच मिळायला हवी. पुष्कळदा ती मिळत नाही, कारण सांगणाऱ्याला वाटतं, ऐकून माणूस बिथरेल आणि औषध सुरूच करणार नाही. मला हे पटत नाही. आधी कल्पना दिलेला माणूस उलटी झाल्यावर फोन करतो, आणि अंधारात ठेवलेला माणूस बाटली कपाटात ढकलून देतो.

"ही औषधं फार कडक असतात, अंगाला सोसत नाहीत" असं बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. एके काळी ते खरं होतं. १९८७ मध्ये झिडोव्ह्युडिन हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध मंजूर झालं. त्यानं मळमळायचं, रक्त कमी व्हायचं. नंतर बरीच वर्षं वापरात राहिलेल्या स्टॅव्ह्युडिननं गाल बसायचे, हातापायांवरची चरबी झडायची, तळपायांची आग व्हायची. चेहरा बघून लोक आजार ओळखतील या धास्तीनं कित्येकांनी औषध सोडलं. स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्यानं बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये सांगितलं. आज बहुतेक ठिकाणी उपचाराची सुरुवात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांच्या एकाच गोळीनं होते. दिवसातून एकदा ती घ्यायची. जुन्या औषधांच्या मानानं ही गोळी शरीराला खूपच सोसते. अनेकांना तिचा काहीच त्रास होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांचाही बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

मग पहिल्या महिन्यातच एवढं का बिनसतं? एक कारण सरळ आहे. पोट, आतडी, मेंदू, यकृत यांना नव्या औषधाची सवय व्हायला वेळ लागतो. पण सगळा दोष गोळीचा नसतो. उपचार सुरू होतात त्याच सुमारास इतरही औषधं दिली जातात. सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असतील तर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल देतात, क्षयरोग होऊ नये म्हणून आयसोनियाझिड देतात. कोट्रायमॉक्साझोलनं पहिल्या दोन आठवड्यांत अंगावर पुरळ येऊ शकतं. आयसोनियाझिडनं हातापायांना मुंग्या येतात (म्हणूनच त्याच्याबरोबर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी असते) आणि क्वचित यकृताला सूज येते. तेव्हा पुरळ आलं की एचआयव्हीच्या गोळीला बोल लावण्याआधी गेल्या महिन्यात अंगात काय काय गेलं याची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. खोकल्याचं औषध, ताकदीच्या गोळ्या, जडीबुटी, सगळं.

मनाचाही वाटा असतो. निदान ऐकून काही दिवस किंवा आठवडेच झालेले असतात. झोप न लागणं, भूक मरणं, छातीत धडधड होणं हे त्या धक्क्यानंही होतं. "गोळीनं त्रास होणार" या धास्तीनं खरोखर त्रास होतो, हेही औषधांच्या चाचण्यांमध्ये वारंवार दिसलं आहे. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांनीही डोकेदुखी आणि मळमळ नोंदवलेली असते. याचा अर्थ तुमचं डोकं खोटं दुखतंय असा नाही. ते खरंच दुखतं. फक्त त्यावरचा उपाय औषध बदलण्याऐवजी समुपदेशकाशी तासभर मोकळं बोलण्यातही असू शकतो.

रोजच्या तक्रारी

मळमळ ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन-डोल्युटेग्राव्हिरची गोळी जेवणाआधी घेतली काय नि नंतर घेतली काय, काम तेवढंच करते. म्हणून पोट ढवळत असेल तर ती जेवून घ्यावी. दोनदा पोटभर खाण्याऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं. तेलकट आणि उग्र वासाचं काही दिवस लांब ठेवावं. दारूनं मळमळ वाढते आणि यकृतावर भार पडतो, निदान या आठवड्यांत तरी ती नकोच. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर मळमळीवरची गोळी देतात. ती मागायला संकोच कसला? गोळी घेतल्यावर तासाभराच्या आत उलटी होऊन ती बाहेर पडली, तर सहसा दुसरी घ्यायला सांगतात. तासाभरानंतर उलटी झाली तर पुन्हा घ्यायची गरज नसते. दर दिवशीच उलटी होत असेल तर मात्र औषध अंगात टिकत नाहीये, आणि ही गोष्ट पुढच्या तारखेपर्यंत थांबवण्याजोगी नाही.

जुलाब लागले तर पाणी आणि ओआरएस घेत राहणं सगळ्यांत महत्त्वाचं. जुलाब थांबवणारी गोळी विचारून घेता येते, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घेऊ नये. तेव्हा कारण दुसरंच असण्याची शक्यता असते.

झोपेचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नुसती वेळ बदलून सुटणारा हा त्रास आहे आणि लोक तो महिनोन्महिने काढतात. डोल्युटेग्राव्हिरनं काहींची झोप उडते. गोळी रात्री घेत असाल तर सकाळी घेऊन बघा. एवढ्यानंच अनेकांची झोप परत येते. इफाव्हिरेन्झचं याच्या उलट आहे. हे जुनं औषध अजूनही काही जणांना चालू असतं. त्यानं भोवळ येते, दारू प्यायल्यासारखं वाटतं आणि रात्री फार ठसठशीत, कधी भयानक स्वप्नं पडतात. हे पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतं आणि बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत निवळतं. इफाव्हिरेन्झ झोपताना आणि रिकाम्या पोटी घ्यायचं असतं. तेलकट-तुपकट जेवणानंतर घेतलं तर ते रक्तात जास्त उतरतं आणि डोकं अधिक गरगरतं. असं होत असेपर्यंत गाडी चालवू नये, उंचावर चढून किंवा यंत्रावर काम करू नये.

वेळ बदलण्यात एक अडचण असते, जिच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. घरात कुणाला माहीत नसतं. गोळी सगळे झोपल्यावरच घेता येते, सकाळी आडोसाच नसतो. किंवा सारख्या उलट्या व्हायला लागल्या की "तुला झालंय तरी काय?" हा प्रश्न येतो. अशा वेळी माणूस त्रासापेक्षा बिंग फुटण्याला जास्त घाबरतो आणि गोळी चुकवतो. ही अडचण समुपदेशकाला स्पष्ट सांगावी. कामाच्या ठिकाणी दुपारी गोळी घेतली तरी चालते. रोज साधारण त्याच वेळी ती पोटात जावी एवढंच बघायचं. चुकून राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी, पण दोन एकदम घेऊ नयेत.

डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी दुखण्यावरची औषधं मात्र मनानं आणून रोज घेऊ नयेत. टेनोफोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि ही औषधंही मूत्रपिंडावरच भार टाकतात.

वजनाची गोष्ट हळूहळू पुढे येते. पहिल्या वर्षात अनेकांचं वजन वाढतं. आजारानं खंगलेल्या माणसाचं ते वाढायलाच हवं. पण डोल्युटेग्राव्हिरवर काहींचं त्याहूनही जास्त वाढतं. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अ‍ॅडव्हान्स या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, ही वाढ स्त्रियांमध्ये अधिक दिसली. "बरं झालं की, तब्येत सुधारली" म्हणून ते झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही. वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर सुरुवातीपासून नोंदवत गेलं तर वाढ किती आणि कशामुळे, हे वेळेत कळतं.

जिथे थांबायचं नाही

थोडं पुरळ येतं, खाजतं आणि जातं. पण पुरळाबरोबर ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, कातडी सोलवटायला लागली, चेहरा किंवा ओठ सुजले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. नेव्हिरॅपिन या एचआयव्हीवरच्या जुन्या औषधावर असं होण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच ते पहिले १४ दिवस निम्म्या मात्रेनं देतात आणि यकृताची तपासणी करतात.

अबाकाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध सुरू केलेल्यांनी तर हा भाग दोनदा वाचावा. काही लोकांना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते आणि ती साधारण पहिल्या सहा आठवड्यांत दिसते. ताप, पुरळ, उलट्या, अंगदुखी, खोकला किंवा धाप अशी दोन-तीन लक्षणं एकत्र येतात आणि दर गोळीनंतर वाढतात. वरवर पाहता तो साधा फ्लू वाटतो. ही अ‍ॅलर्जी आहे असं ठरलं आणि औषध बंद झालं, की ते आयुष्यात पुन्हा कधीही घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा घेतलं तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. एचएलए-बी ५७:०१ नावाचा जनुकाचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांनाच हा धोका प्रामुख्यानं असतो, आणि तो रक्ताच्या तपासणीत आधीच कळतो. जिथे ही तपासणी होते तिथे ती केल्याशिवाय अबाकाव्हिर सुरू करू नये.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही यकृताची हाक असू शकते. याला एक अपवाद आहे. अ‍ॅटाझानाव्हिर हे औषध घेणाऱ्यांपैकी काहींचे डोळे पिवळे दिसतात, पण यकृताला इजा झालेली नसते. तरीही तो निर्णय घरी आरशात बघून करायचा नाही, रक्त तपासून डॉक्टरांनी करायचा. थोडं चाललं तरी धाप लागणं आणि चेहरा पांढराफटक पडणं, विशेषतः झिडोव्ह्युडिनवर असताना, म्हणजे रक्त कमी झाल्याची शंका.

आणि मन. इफाव्हिरेन्झनं आणि क्वचित डोल्युटेग्राव्हिरनंही खोल उदासी येऊ शकते, जीव द्यावासा वाटू शकतो. हे विचार औषधाच्या रसायनातूनही येतात. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल तर उपचार सुरू होण्याआधीच सांगावं. असे विचार आता येत असतील तर आत्ताच, या क्षणी, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येतं.

बरं होताना ताप येतो तेव्हा

फार उशिरा निदान झालेल्यांच्या बाबतीत चक्रावून टाकणारी एक गोष्ट घडते. सीडी४ शंभराच्या खाली, औषध सुरू होतं, विषाणू झपाट्यानं कमी होतो, आणि दोन-चार आठवड्यांनी ताप चढतो, मानेत गाठी सुजतात, खोकला वाढतो किंवा डोकं फुटायला लागतं. वाटतं, औषधानंच घात केला. प्रत्यक्षात शरीरात क्षयरोगासारखा एखादा संसर्ग आधीपासून दबा धरून असतो. प्रतिकारशक्ती इतकी खचलेली असते की तिला त्याची दखलही घेता येत नव्हती. औषधानं तिच्यात बळ येतं आणि ती त्या जंतूंवर तुटून पडते. ताप आणि सूज ही त्या लढाईची असते. वैद्यकात याला आयरिस म्हणतात. यात बहुतेकदा एचआयव्हीची गोळी चालू ठेवून मूळ संसर्गावर उपचार करतात, गरज पडली तर सूज उतरवणारी औषधं देतात. मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकस या बुरशीचा संसर्ग असेल तर एचआयव्हीचं औषध मुद्दाम चार ते सहा आठवडे उशिरा सुरू करतात, ते याच कारणानं. म्हणून वजन घटणं, रात्री घाम येणं, जुना खोकला, सततची डोकेदुखी यांपैकी काही असेल तर पहिली गोळी घेण्याआधीच सांगून टाकावं.

दुसऱ्या औषधांशी गाठ

कधी कधी त्रास जाणवत नाही आणि तरी नुकसान होत असतं. आम्लपित्तावरच्या ज्या औषधांत अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं ती डोल्युटेग्राव्हिरला पोटातच अडकवून ठेवतात आणि ते रक्तात पोचत नाही. मळमळ होते म्हणून माणूस नेमकं तेच औषध घेतो! घ्यावंच लागलं तर डोल्युटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे, मात्र जेवणाबरोबर घेतल्या तर दोन्ही एकत्र चालतात. गरोदर स्त्रियांना या गोळ्या हमखास दिलेल्या असतात, त्यामुळे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. (गरोदरपणात डोल्युटेग्राव्हिर चालेल का, अशी शंका २०१८ मध्ये बोट्सवानातल्या सुरुवातीच्या आकड्यांवरून आली होती. पुढे जास्त माहिती जमल्यावर ती टिकली नाही, आणि आज गरोदर स्त्रियांनाही हेच औषध पहिल्या पसंतीनं देतात.)

मधुमेहावरचं मेटफॉर्मिन डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तात जास्त साठतं. म्हणून त्याची मात्रा सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर एकदाऐवजी दोनदा घ्यावं लागतं. रिटोनाव्हिर असलेल्या एचआयव्हीच्या औषधांबरोबर दम्याचे काही स्प्रे आणि सांध्यात देतात ती स्टेरॉइडची इंजेक्शनंसुद्धा अंगावर येतात. तेव्हा कुठल्याही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. आजाराचं नाव तिथे सांगायचं नसेल तर औषधाची नावं तरी सांगा.

डोल्युटेग्राव्हिर सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात तपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात मोजतात तो पदार्थ) थोडं वाढलेलं दिसतं आणि माणूस हादरतो. हे औषध क्रिएटिनिन लघवीत सोडण्याचा एक मार्ग अडवतं, त्यामुळे आकडा वाढतो. मूत्रपिंडाचं काम त्यानं कमी होत नाही. आकडा नंतर तिथेच स्थिरावतो. तो चढतच राहिला तर मात्र टेनोफोव्हिरकडे बघावं लागतं, कारण त्यानं काही जणांच्या मूत्रपिंडाला खरंच इजा होते.

बंद केलं तर काय होतं

औषधातून मधेमधे सुट्टी दिली तर शरीराला विसावा मिळेल आणि दुष्परिणाम टळतील, असं एके काळी संशोधकांनाही वाटलं होतं. ते तपासायला स्मार्ट नावाचा अभ्यास झाला. त्यात पाच हजारांहून जास्त लोक होते. २००६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा उलटंच चित्र दिसलं. सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि गंभीर संसर्ग तर जास्त झालेच, पण हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे आजारही जास्त झाले. म्हणजे ज्या अवयवांना औषधापासून वाचवायचं होतं, त्यांना मोकाट विषाणूनंच जास्त ग्रासलं. गोळ्या थांबल्या की दडून बसलेला विषाणू बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच रक्तात परत येतो. गोळीतली तीन औषधं सारख्या वेगानं शरीराबाहेर जात नाहीत. रेंगाळणाऱ्या एकट्या औषधाशी झुंजताना विषाणू त्याला दाद न देण्याची खुबी शिकतो. इफाव्हिरेन्झच्या बाबतीत हे विशेष घडतं. शिवाय हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्यालाही दाबून ठेवत असतात. ती एकाएकी थांबवली तर यकृताचा तो आजार जोरानं उसळू शकतो.

आणि नियमित गोळ्यांनी काय मिळतं? साधारण सहा महिन्यांत विषाणू रक्ताच्या तपासणीत सापडेनासा होतो आणि तसा राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. पार्टनर या अभ्यासात एक बाधित आणि एक बाधा नसलेला अशी शेकडो जोडपी वर्षानुवर्षं तपासली. विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून निरोध न वापरताही एकालाही लागण झाली नाही.

गोळी बदलावी लागली तर उपचार फसले असं समजू नका. इफाव्हिरेन्झची स्वप्नं महिन्यानंतरही पिच्छा सोडत नसतील तर डोल्युटेग्राव्हिर देतात. झिडोव्ह्युडिननं रक्त उतरलं तर टेनोफोव्हिर देतात. टेनोफोव्हिरनं मूत्रपिंड कुरकुरलं तर त्याचाच सौम्य प्रकार किंवा अबाकाव्हिर. बदलण्याआधी डॉक्टर व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे तो आकडा), पूर्वी घेतलेली औषधं आणि हिपॅटायटिस बी बघतात. जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, गोळीनंतर किती वेळानं होतो, किती टिकतो, त्यापायी किती गोळ्या चुकल्या. शेवटचा आकडा खरा सांगा. तो लपवला तर औषध निकामी झालं असा गैरसमज होऊन भलतीच गोळी हातात पडू शकते. बदलानंतर मळमळ आणि स्वप्नं काही दिवसांतच जातात, रक्त भरून यायला महिने लागतात. नसांना झालेली इजा मात्र उशीर झाला तर पूर्ण भरून येईलच असं नाही, म्हणून तळपायांना मुंग्या किंवा आग जाणवू लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.